खेळण्यातल्या गाडीचे दिवे का मिणमिणतात?

आमच्या भाच्याला त्याच्या वडिलांच्या साहेबांनी एक जुनी विलायती आगगाडी दिली. एक इंजिन, चार डबे, गोल रूळ आणि डब्याडब्यात इवलासा दिवा. गाडी पळायची झकास, पण दिवे सारखे लुकलुकायचे. कधी दुसरा डबा अंधारात, कधी चौथा. पोर हिरमुसले. खेळण्यांच्या एका दुकानदाराने "नवीच घ्या" असा सल्ला दिला. नवीची किंमत ऐकून आम्ही मुकाट्याने घरी परतलो. आमची बी.कॉम.ची पदवी येथे काय कामाची?

अखेर आम्ही शेजारच्या आबांना गाठले. रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात वायरमन म्हणून त्यांची हयात गेली. त्यांनी डबा उलटा करून पाहिला आणि विचारले, "अरे, दोन डब्यांमधली केबल कुठाय?"

वाचकहो, फलाटावर उभ्या गाडीच्या दोन डब्यांमध्ये जाड केबली लोंबताना आपण रोज पाहतो. या खेळण्यात तेच नव्हते. प्रत्येक डबा आपल्यापुरती वीज रुळावरून उचलत होता.

या मापाच्या गाड्यांना एच.ओ. म्हणतात. खऱ्या गाडीच्या ८७ व्या हिश्श्याएवढी गाडी आणि रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. एका रुळात अधिक, दुसऱ्यात उणे, असा सुमारे १२ व्होल्टचा प्रवाह असतो. धातूची चाके तो उचलतात आणि चाकाला घासणारी पट्टी तो दिव्याकडे नेते. आमच्या डब्यांची पुढची बोगी एका रुळावरून वीज घेई, मागची दुसऱ्या रुळावरून. म्हणजे एका रुळावर अवघी दोन चाके! त्यांवर काळा थर बसला की दिवा गेला. दिवे बिचारे निर्दोष होते.

आबांचे म्हणणे असे की चारही डबे वायरीने जोडा. मग एका रुळावर दोनाऐवजी आठ चाके होतात. एक अडले तरी सात आहेतच.

आधी चाके व रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसले. पॉलिश पेपर लावू नये, ओरखड्यांत घाण जास्तच साचते. पट्टी चाकाला हलकेच टेकावी, घट्ट दाबली तर इंजिनाला डबे ओढवत नाहीत.

वायर मात्र आम्ही चुकीची आणली. घरातल्या फिटिंगची एकेरी, ताठ तार. पहिल्याच वळणावर तिने डबा रुळाखाली उतरवला! मग बारीक, अनेक पदरी, मऊ वायर घेतली. वळणावर ताण पडणार नाही इतकी ढिली, पण रुळावर घासणार नाही इतकी आखूड.

डबे सुटे करता यावेत म्हणून मध्ये बारीक पिना आणि सॉकेट बसवले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्यांची पट्टी मिळते, हवी तेवढी तोडून घ्यावी. उजव्या रुळाची वायर उजवीलाच जोडायची. सॉकेट उलटे बसले की शॉर्ट. आमचे बसलेच! ट्रान्सफॉर्मरने आपणहून वीज तोडली म्हणून निभावले. आबांनी मग तीन भोकांचे सॉकेट घेतले, कडेच्या भोकात काडीचा तुकडा ठोकला आणि त्यासमोरची पिन कापून टाकली. आता ते उलटे बसूच शकत नाही. शिवाय प्रत्येक डब्याला पुढे पिना, मागे सॉकेट, त्यामुळे डबाच फिरवून ठेवला तर तो जोडलाच जात नाही.

डाग देण्याचे काम मोठ्यांनी करावे. ट्रान्सफॉर्मर तर कोणीच उघडू नये, त्यात घरातली २३० व्होल्टची वीज येते.

संध्याकाळी खोलीतला दिवा मालवून गाडी सोडली. चारही डबे उजळले. आबांनी गाडी थांबवली, मधल्या डब्याचे एक टोक बोटाने उचलून धरले. दिवा हलला नाही. ते क्षणभर बघत राहिले, मग म्हणाले, "सगळं खरं, पण मागचा लाल दिवा कुठाय? त्याशिवाय गाडी पुरी आली हे स्टेशनवाल्याला कळायचं कसं?"

लाल एल.ई.डी. लावायचा तर गाडी मागे घेताना अधिक-उणे बदलते आणि दिवा विझतो. त्यासाठी चार डायोड आणि एक रेझिस्टर लागतात. भाच्याने ती यादी कालच आमच्या हातात ठेवली आहे.