विश्लेषण : स्टेंटची पहिली परीक्षा डुकराच्या हृदयात का?

अँजिओप्लास्टी हा शब्द आता घरोघरी परिचयाचा झाला आहे. पण हृदयाच्या धमनीत बसवली जाणारी ही बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी प्राण्यांच्या धमनीत बसवून पाहिली जाते. ही चाचणी कशी होते आणि तिच्यावर किती विसंबावे?

प्राण्यांवर चाचणी कशासाठी?

स्टेंट किती ताण सोसतो, हे यंत्रावर तपासता येते. मात्र त्यावर रक्ताची गुठळी होईल का, धमनीला सूज येईल का, जखम भरताना जादा पेशी वाढून वाट पुन्हा अरुंद होईल का, याचे उत्तर जिवंत शरीरातच मिळते. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनीही फुग्याचे तंत्र आधी कुत्र्यांवर वापरले आणि १९७७ मध्ये झुरिचमध्ये माणसाच्या हृदयधमनीची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली.

कोणता प्राणी कशासाठी?

डुकराच्या हृदयाचा आकार आणि धमन्यांची रचना माणसाशी बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे माणसासाठीचाच स्टेंट, तशाच कॅथेटरने बसवता येतो. सशाच्या पायाकडे जाणाऱ्या धमनीत स्टेंटवर आतील अस्तर किती लवकर धरते, हे पाहतात. कृत्रिम झडपांसाठी मेंढी वापरली जाते. उंदराला धमनीकाठिण्य सहसा होत नाही; त्यासाठी १९९२ मध्ये एक जनुक निकामी केलेले उंदीर तयार करण्यात आले.

चाचणीत काय दिसते?

स्टेंट बसवल्यावर साधारण २८ दिवसांनी डुकराच्या धमनीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत रूढ आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही पॉलिमरमुळे डुकरांच्या धमन्यांना तीव्र सूज आल्याचे आढळले. हा धोका रुग्णांआधी प्राण्यांत दिसला.

भारतात काय घडले?

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी हृदयझडप विकसित झाली. आधीची प्रारूपे अपयशी ठरल्यावर नवे प्रारूप मेंढ्यांवर तपासले गेले आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवण्यात आले.

मर्यादा कोणत्या?

चाचणीतील डुकरे बहुधा तरुण आणि निरोगी असतात. रुग्णाच्या धमनीत मात्र वर्षानुवर्षे साचलेली चरबी आणि कॅल्शियम असते, सोबत अनेकदा मधुमेहही. विरघळणाऱ्या ‘ॲब्झॉर्ब’ स्टेंटचे प्राण्यांवरील आणि सुरुवातीचे मानवी निष्कर्ष आशादायक होते. अमेरिकेत २०१६ मध्ये त्याला मान्यताही मिळाली. मात्र पुढे रुग्णांमध्ये गुठळ्यांचे प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा अधिक दिसले आणि २०१७ मध्ये कंपनीने विक्री थांबवली.

प्राण्यांच्या वेदनेचे काय?

भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या चौकटीत होतात. संस्थेच्या नैतिकता समितीची आणि मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची परवानगी लागते. पर्याय असेल तर प्राणी टाळा, त्यांची संख्या कमी ठेवा, वेदना कमी करा, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. संगणकीय प्रारूपे आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमुळे काही चाचण्या आता प्राण्यांविना होतात.

रुग्णाने काय लक्षात घ्यावे?

प्राण्यांवरील यश म्हणजे माणसांवर चाचणी सुरू करण्याइतपत भरवसा. उपकरण सुरक्षित असल्याची हमी नव्हे. म्हणून नवे उपकरण सुचवले गेल्यास ते किती रुग्णांना, किती वर्षांपूर्वी बसवले आणि पुढे काय झाले, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.