व्यवहाराची सीमा: डेटाबेसागणिक बदलणारी

विसावे शतक संपता संपता कर्नाटक सरकारने हाती घेतलेल्या ‘भूमी’ प्रकल्पामुळे राज्याच्या 177 तालुक्यांतील सुमारे 67 लाख खातेदारांच्या जवळपास 2 कोटी जमीन-नोंदी हस्तलिखित दप्तरांतून संगणकावर आल्या आणि बिदर-कलबुर्गीच्या शेतकऱ्याला पहाणी, म्हणजे धारक, क्षेत्र व पीक दाखवणारा उतारा, तालुक्याच्या केंद्रावर छापून मिळू लागली. अशा नोंदी डेटाबेसमध्ये ठेवल्या की फेरफाराचे काम संगणकाच्या आज्ञांनी होते. भालकी तालुक्यातील 4 एकरांच्या एखाद्या सर्व्हे नंबरातून 1 एकर 20 गुंठे विकले गेले असे मानल्यास, विक्रेत्याच्या नावे 2 एकर 20 गुंठे ठेवणे आणि उरलेले क्षेत्र खरेदीदाराच्या नावे चढवणे, ही दोन्ही कामे पुरी व्हावी लागतात. पहिल्यानंतरच वीज गेली आणि तेवढाच बदल कायम राहिला, तर दीड एकर जमीन दप्तरी कोणाचीच उरत नाही. म्हणून अशा आज्ञांचा एक अखंड गट करतात. त्याला ट्रॅन्झॅक्शन म्हणतात. तो कायम करणारी आज्ञा ‘कमिट’, तर मागे घेणारी ‘रोलबॅक’ होय.

हे तत्त्व सर्व प्रमुख डेटाबेसना मान्य असले, तरी गट कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याबाबत त्यांच्यात एकवाक्यता नाही. ओरॅकलमध्ये आरंभाची वेगळी आज्ञा लागत नाही. पहिल्या बदलाबरोबर ट्रॅन्झॅक्शन आपोआप सुरू होते आणि कमिट केल्याशिवाय तो बदल इतरांना दिसत नाही. याउलट पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर यांत स्पष्ट आरंभ केला नाही, तर प्रत्येक आज्ञा यशस्वी होताच स्वतंत्रपणे कायम होते. हा आरंभ एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘बिगिन ट्रॅन्झॅक्शन’ने होतो, तर एसक्यूएल भाषेच्या 1999च्या मानकातील ‘स्टार्ट ट्रॅन्झॅक्शन’ ही आज्ञा पोस्टग्रेस व मायएसक्यूएल स्वीकारतात.

शेवटाबाबतचा फरक अधिक घातक ठरू शकतो. वरील फेरफारात विक्रेत्याचे क्षेत्र घटवल्यावर आणि खरेदीदाराचे चढवण्यापूर्वी तक्त्यात नवा स्तंभ जोडणारी आज्ञा दिली गेली, तर ओरॅकल व मायएसक्यूएल तोवरचे काम न विचारता कायम करतात आणि नंतरच्या रोलबॅकने ते परत फिरत नाही. पोस्टग्रेसमध्ये मात्र स्तंभासकट सारे पूर्ववत होते. मधली एखादी आज्ञा चुकली, तर ओरॅकल सामान्यतः तेवढीच आज्ञा रद्द करून गट चालू ठेवतो, तर पोस्टग्रेस रोलबॅक होईपर्यंत पुढील आज्ञा नाकारतो.

म्हणून एका डेटाबेससाठी लिहिलेली प्रणाली दुसऱ्यावर नेताना आज्ञांची नावे बदलणे पुरेसे नसते. फेरफार प्रत्येक टप्प्यावर मुद्दाम तोडून पाहावा आणि दोन्ही खात्यांची बेरीज दर वेळी 4 एकरच भरते की नाही, हे तपासावे. बेरीज चुकली, तर ट्रॅन्झॅक्शनची सीमा चुकीच्या जागी तर पडली नाही ना, हे आधी पाहावे.