प्रॉक्सी सर्व्हरवर भार कशाने चढतो?

पेडणे, डिचोलीतल्या शाळा-महाविद्यालयांच्या संगणक कक्षात इंटरनेट रखडले की पहिला संशय प्रॉक्सीच्या जुन्या यंत्रावर येतो. नव्या यंत्राचा प्रस्ताव पाठवण्याआधी स्क्विडसारख्या कॅशिंग प्रॉक्सीबद्दलचे चार गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : एकूण भार २५ टक्केच आहे, म्हणजे प्रोसेसर ठीक आहे.
वस्तुस्थिती : स्क्विडचे मुख्य काम एरवी एकाच कोअरवर चालते. चारपैकी एक कोअर १०० टक्क्यांवर आणि तीन रिकामे असतील, तरी सरासरी २५च येते. ‘टॉप’ चालवून १ दाबा. प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा दिसेल. ३.२ आवृत्तीपासून ‘वर्कर्स’ वाढवून काम वाटता येते.

गैरसमज : बंदी घातलेल्या संकेतस्थळांची यादी कशीही लिहिली तरी चालते.
वस्तुस्थिती : सगळी मेख इथेच असते. यादी रेजेक्स नमुन्यांची असेल, तर प्रत्येक विनंतीचा अख्खा पत्ता त्या नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो आणि प्रोसेसर त्यातच गुंततो. तीच नावे ‘डीएसटीडोमेन’ नियमात घातली, तर स्क्विड ती क्रमवार रचनेत झटकन शोधतो. अख्खे संकेतस्थळ बंद करायला रेजेक्स लागत नाही.

गैरसमज : वीज जाऊन आल्यापासून सर्व्हर मंदावला, म्हणजे यंत्र बिघडले.
वस्तुस्थिती : पावसाळ्यात वीज अचानक गेली की स्क्विड नीट बंद होत नाही. मग सुरू होताना तो डिस्कवरच्या कॅशची सूची तपासत नव्याने उभी करतो. कॅश मोठा असेल तर यात बराच वेळ जातो. कॅश लॉगमध्ये ही फेरबांधणी दिसते. ती संपेपर्यंत थांबा, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका. बॅटरी संपण्याआधी सर्व्हर रीतसर बंद करणारा यूपीएस हा यावरचा खरा उपाय.

गैरसमज : कॅश वाढवला की भार उतरेल.
वस्तुस्थिती : आज बहुतेक पाने एचटीटीपीएसवरून येतात. प्रॉक्सी ती न उघडता पुढे पाठवतो, त्यामुळे साठवू शकत नाही. उलट, ६४ बिट यंत्रात डिस्कवरच्या दर जीबी कॅशच्या सूचीसाठी सुमारे १४ एमबी रॅम लागते. १०० जीबीला जवळपास १.४ जीबी. रॅम अपुरी पडली की सगळेच रखडते.

म्हणून आधी कोअर पाहा, मग नियम आणि लॉग. एकच संगणक सतत विनंत्यांचा मारा करत असेल, तर तो ॲक्सेस लॉगमध्ये सापडतो. तपासासाठी वाढवलेली डीबग पातळीही आठवणीने पुन्हा खाली आणा. इतके करूनही कोअर भरलेलाच राहिला, तरच नवे यंत्र मागा. शाळेचा पैसा तोवर मुलांसाठी राहू दे.