मणिबंधाचे शस्त्रकर्म : तेलाची घाई नको

सुश्रुताचार्यांनी मणिबंधाची गणना रुजाकर मर्मांत केली आहे. याच ठिकाणी मीडियन नर्व्ह दाबली जाऊन होणाऱ्या कार्पल टनेल सिंड्रोमवर आता दुर्बिणीतून, लहान छेद घेऊन शस्त्रकर्म होते. जपानचे ओकुत्सु व अमेरिकेचे चाऊ यांनी ही पद्धत १९८९ साली प्रसिद्ध केली. बाहेरचा छेद लहान असला, तरी आत आडवा बंध पूर्ण कापलेला असतो. रुग्णास मात्र जखम किरकोळ वाटते आणि आठवडाभरातच तो तेल मागावयास येतो.

टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी काढतात. व्रण पूर्ण रुजेपर्यंत त्यावर अभ्यंग, स्वेदन वा लेप करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बधिर बोटांना उष्णतेची जाणीव नसल्याने स्वेदनात भाजण्याचे भय असते. बोटांची हालचाल मात्र प्रथम दिवसापासून हवी. व्रण रुजल्यावर हलका अभ्यंग वणाचा कठीणपणा कमी करण्यास साहाय्यक होतो.

रात्रीच्या मुंग्या बहुधा लवकर शमतात. तळहाताच्या बुडाशी होणारी वेदना काही महिनेही राहू शकते. क्षीण झालेले नर्व्हतंतू दिवसाकाठी सुमारे १ मिलिमीटरच वाढतात. म्हणून अंगठ्याखालील मांस सुकलेले असल्यास पूर्ण बल परत येईल, असे आश्वासन देऊ नये.

वाढती सूज, पूयस्राव, ज्वर किंवा नव्याने आलेली बधिरता दिसताच रुग्णास शस्त्रकर्म करणाऱ्या सर्जनकडे त्वरित पाठवावे. औषधालयचालकांनीही बाटली हाती देण्यापूर्वी एवढेच विचारावे : जखम पूर्ण भरली आहे काय?