मारुतीरायानं वाचवलेलं माकड

गगनयानाच्या मानवरहित उड्डाणात व्योममित्र ही यांत्रिक बाई बसणार, हे वाचून सिडकोतल्या एका वाचकांनी विचारलंय, ‘अमेरिकेसारखं आपणही आधी माकड का पाठवत नाही?’ अमेरिकेनं माकडं पाठवली खरी. पण त्यात मारुतीरायानं एकदा घातलेला खोडा फारसं कुणी सांगत नाही.

ही माकडं ऱ्हीसस जातीची, तांबड्या तोंडाची, मुळात आपल्या उत्तरेकडची. अजिंठ्याला हातातली पिशवी पळवतात ती काळतोंडी वानरं वेगळी. पोलिओच्या लशीसाठी माकडांची मूत्रपिंडं लागत, म्हणून १९५०च्या दशकात ऱ्हीसस माकडं पिंजरे भरभरून परदेशी जात. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर जवळपास चारशे माकडं गुदमरून मेली, तेव्हा आपल्या सरकारनं निर्यात काही काळ थांबवलीही होती.

अशातच १९५९ साली अमेरिकी लष्करानं ज्युपिटर रॉकेटसाठी भारतात जन्मलेलं माकड तयार केलं आणि उड्डाण तोंडावर आलं असताना वरून हुकूम आला: हे माकड नको, अमेरिकेत जन्मलेलंच हवं. हनुमानाला मानणारा देश दुखावला तर? शीतयुद्धात भारताला कोण दुखावणार! हनुमान जयंतीला संभाजीनगरहून रातोरात पायी खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिलीय, त्यांना ही धास्ती अनाठायी वाटणार नाही. मग धावपळ करून कॅन्ससमधल्या एका प्राणिसंग्रहालयातली माकडीण आणली. तिचं नाव एबल, गावाचं नाव इंडिपेन्डन्स. (पिंजऱ्यातल्या प्राण्याचं गाव!)

२८ मे १९५९ रोजी एबल आणि पेरूहून आणलेली चिमुकली माकडीण बेकर उडाल्या. बेकर जेमतेम तीनशे ग्रॅमची, तिची कुपी थर्मासएवढी. पेरूत हनुमान नाही, त्यामुळे तिच्यासाठी कुणी हुकूम काढला नाही. परतताना वजनाच्या ३८ पट भार सोसून दोघी जिवंत आल्या. चार दिवसांनी एबलच्या अंगातला इलेक्ट्रोड काढायला भूल दिली, ती तिला सोसली नाही. पेंढा भरलेली एबल आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात त्याच आसनात पट्ट्यांनी बांधलेली आहे. बेकर मात्र १९८४पर्यंत जगली. हंट्सव्हिलला तिच्या थडग्यावर लोक केळी ठेवतात.

भारतातलं ते माकड वाचलं, एवढंच. त्याचं नाव कुठल्या पाटीवर नाही. आणि खरं सांगायचं तर या उड्डाणांत विज्ञानाइतकाच देखावाही होता. दोघींचा फोटो ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. वजनरहित अवस्थेत हृदय चालतं का, श्वास घेता येतो का, हे प्रश्न खरे होते. पण १९६१ मध्ये पहिला अंतराळवीर गागारिन परत आला, तो स्वतःच्या तोंडानं सांगू शकत होता. आता यानातली हवा, दाब, तापमान बिनचूक कळवायचं तर व्योममित्र बरी. शिवाय अमेरिकेलाही पुढे आपली माकडं मिळेनाशी झाली: लष्करी किरणोत्सर्ग चाचण्यांत माकडं वापरल्याचा बोभाटा झाल्यावर १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारनं ऱ्हीससची निर्यात कायमची बंद केली.

प्राणी हवाच असेल, तर धारवाडच्या कृषी विद्यापीठानं गगनयानासाठी फळमाश्यांचा संच तयार केलाय. अंतराळात मुतखडा का वाढतो, हे त्या माश्यांवर पाहायचंय. आणि १९४७ मध्ये माकडांच्याही आधी व्ही-२ रॉकेटमधून अंतराळात जाऊन जिवंत परतल्या, त्याही फळमाश्याच.