दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा काल

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को येथील विमानतळांमध्ये अंतर किती, हा प्रश्न वरकरणी साधा दिसतो. पॅसिफिक महासागर मध्यभागी असलेल्या मर्केटर-नकाशावर या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा आखली, तर ती चीनवरून व जपानच्या दक्षिण टोकाजवळून पुढे जाते. तिची पृथ्वीवरील लांबी सुमारे १५,००० किलोमीटर भरते. परंतु गोलाच्या पृष्ठभागावरील लघुतम मार्ग म्हणजे महावृत्ताचा कंस होय. दिल्लीचे अक्षांश २८.६°, सॅन फ्रान्सिस्कोचे ३७.६° (दोन्ही उत्तर) आणि रेखांशांतील अंतर १६०.५° धरून गोलीय त्रिकोणमितीचे कोज्या-सूत्र लावले असता केंद्रीय कोन सुमारे १११.३° येतो. एका अंशास १११.२ किलोमीटर या हिशेबाने अंतर १२,३८० किलोमीटरच्या आसपास येते. हा कंस सायबेरिया ओलांडून ७५ अंशांच्याही उत्तरेस आर्क्टिक महासागरात पोहोचतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. नकाशा पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांस तो मार्ग वाकडा वाटतो. दोष मार्गाचा नाही, प्रक्षेपाचा आहे.

तथापि लघुतम अंतर म्हणजे लघुतम काल नव्हे. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष ठरतो आणि ती हवा स्वतः वाहत असते. मध्य अक्षांशांत, विमाने ज्या उंचीवरून जातात तेथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रबळ वायुप्रवाह असतात. याचा उत्तम दाखला एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये घालून दिला. तोवर तिचे हे विमान अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या मार्गाने, जात असे. त्या महिन्यात ते पॅसिफिकवरून नेण्यात आले. मार्ग १५,३०० किलोमीटरचा झाला, पण काल मात्र घटून सुमारे साडेचौदा तासांवर आला! भागाकार केला तर भूसापेक्ष सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर येतो. स्थिर हवेत असे विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते. वरचा वेग वाऱ्याचा. परतीचा प्रवास अटलांटिकवरूनच होत असल्याने दोन्ही वेळी वारा पाठीशी राही आणि एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होई.

घड्याळावरून हा काल काढू पाहणाऱ्याने सावध असावे. दोन्ही ठिकाणच्या प्रमाणवेळांत उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तासांचे अंतर असते; शिवाय पूर्वेकडून गेल्यास वार-रेषा ओलांडावी लागते.

वाऱ्याखेरीज तिसरी एक गोष्ट गणितात धरावी लागते. दोन इंजिनांच्या विमानास एक इंजिन निकामी झाल्यास ठराविक वेळात पोहोचता येईल असा विमानतळ मार्गाजवळ असावाच लागतो. ६ जून २०२३ रोजी याच मार्गावरील विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियातील मगदान येथे उतरले. त्यात २१६ प्रवासी होते. त्यांच्यासाठी भारतातून दुसरे विमान पाठवावे लागले आणि ते ८ जूनला सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले.