खोक्यावरचे शिक्के आणि पडद्यावरचं चित्र

पवईतल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ५५ इंची टीव्हीचं खोकं जरा निरखून बघा. पुढच्या बाजूला शिक्क्यांची रांग असते: ४के, एचडीआर१० प्लस, डॉल्बी व्हिजन, एचएलजी, क्यूएलईडी, एचडीएमआय २.१, एमईएमसी. विक्रेता त्यावरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "काका, यात सगळं आहे. दहा वर्षं बघायला नको."

शिक्के खोटे नसतात. गोम अशी की त्यातले बरेचसे शिक्के टीव्हीला काय कळतं तेवढंच सांगतात. कळलेलं दाखवायची ताकद पॅनलमध्ये किती आहे, ते खोक्यावर सहसा छापलेलंच नसतं. आणि पैसे मोजायचे असतात ते त्या ताकदीचे.

"थांबा थोडं, आधी कुठली पद्धत टिकते ते कळू दे"

ही भीती उगाच आलेली नाही. ऐंशीचं दशक ज्यांनी पाहिलंय त्यांना पद्धत चुकण्याची किंमत माहीत आहे. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते कृष्णधवल. रंग आले १९८२मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, आणि त्यासाठी आपण जर्मनांची पाल पद्धत घेतली: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका आणि जपानची एनटीएससी ५२५ रेषांची, सेकंदाला ३० चित्रांची. तिसरी फ्रेंचांची सेकाम. ती सोव्हिएत संघानेही उचलली होती. (पवईची आयआयटी १९५८मध्ये सोव्हिएत मदतीने उभी राहिली, पण रंगीत टीव्हीच्या बाबतीत आपण मॉस्कोच्या वाटेने गेलो नाही.) या तीन पद्धतींचं आपसात जमत नसे. न्यू जर्सीहून आलेली लग्नाची कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरमध्ये घातली की चित्र गडगडायचं, रंग उडायचे. मग 'मल्टिसिस्टीम' व्हीसीआर कुणाकडे आहे याची चौकशी. व्हीएचएस आणि बीटामॅक्सच्या भांडणात तर बीटामॅक्सवाल्यांकडे यंत्र उरलं आणि त्यात घालायला कॅसेट मिळेना.

आजची एचडीआरची चुरस या जातीची नाही. एचडीआर म्हणजे चित्रातल्या काळ्याभोर सावलीपासून लखलखीत उजेडापर्यंतचा पल्ला वाढवणं. जुन्या पद्धतीचं चित्र तयार करताना उजेडाची कमाल सुमारे १०० निट्स (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप) धरत. एचडीआरमध्ये सहसा १,००० निट्स धरून काम होतं, काही वेळा त्याहूनही जास्त. रंगांच्या पायऱ्याही वाढतात: पूर्वीच्या ८ बिटांत १ कोटी ६७ लाख छटा मावत, १० बिटांत १०७ कोटी मावतात.

यातली एचडीआर१० ही सगळ्यांची सामायिक पायरी. तिला परवाना शुल्क नाही, त्यामुळे एचडीआर म्हणवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक टीव्हीत ती असते. मात्र ती अख्ख्या सिनेमासाठी उजेडाची एकच सूचना देते. डॉल्बी व्हिजन (२०१४) आणि एचडीआर१० प्लस (२०१७) दृश्यागणिक नवी सूचना देतात. म्हणजे तळघरातल्या प्रसंगाला वेगळी आणि भर उन्हातल्या प्रसंगाला वेगळी. डॉल्बीला शुल्क द्यावं लागतं. सॅमसंगने ते दिलंच नाही. अ‍ॅमेझॉनला बरोबर घेऊन त्यांनी एचडीआर१० प्लस पुढे आणलं. एलजी आणि सोनीने डॉल्बीची कास धरली. टीसीएल आणि हायसेन्सच्या बऱ्याच मॉडेलांत दोन्ही मिळतात. एचएलजी ही बीबीसी आणि जपानच्या एनएचकेची, थेट प्रक्षेपणासाठी काढलेली.

आता तुमच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसेल तर काय होतं? सिनेमा अडत नाही. अ‍ॅप तुमचा टीव्ही ओळखतं आणि एचडीआर१०ची प्रत पाठवतं. नेटफ्लिक्सने तर २०२५मध्ये एचडीआर१० प्लसही सुरू केलं. तेव्हा एकाने दुसऱ्याला हरवण्याची वाट बघत जुन्या टीव्हीवर दिवस काढण्यात अर्थ नाही. हे भांडण कंपन्यांच्या शुल्काचं आहे, आपल्याला त्याची झळ फारशी लागत नाही.

"डॉल्बी व्हिजन आहे ना, मग चित्र भारीच असणार"

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. स्वस्तातल्या बऱ्याच टीव्हींचा उजेड ३०० निट्सच्या आसपास असतो. १,००० निट्सचा सिग्नल आला की तो टीव्ही सगळं चित्र दाबून आपल्या मापात बसवतो. काजवे, फटाके, समुद्रावरचं ऊन सारखंच मिणमिणतं. कधीकधी एचडीआर चालू केल्यावर चित्र आधीपेक्षा काळपट दिसतं आणि लोक टीव्ही बिघडला म्हणून सर्व्हिसवाल्याला बोलावतात. बिघडलेलं काही नसतं. विसर्जनाच्या ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावं, तसलाच प्रकार.

म्हणून विचारायचं ते दोन गोष्टींबद्दल: पॅनलचा उजेड किती निट्स, आणि लोकल डिमिंग आहे का, असेल तर किती झोनचं. लोकल डिमिंग म्हणजे पडद्यामागचे दिवे तुकड्यातुकड्याने मंद करण्याची सोय. ती नसेल तर रात्रीच्या दृश्यातलं काळं आकाश राखाडी दिसतं आणि सिनेमाची वरची-खालची काळी पट्टीसुद्धा उजळते. विक्रेत्याला हे आकडे बहुधा सांगता येत नाहीत. स्वतंत्र परीक्षणांत मिळतात.

दुकानातल्या चित्रावर जाऊ नका. तिथे टीव्ही 'विविड' मोडवर ठेवलेला असतो आणि त्यावर चालतात पोपट, जेलीफिश, रसाळ फळं. म्हणजे कुठल्याही पॅनलवर झकास दिसतील अशीच दृश्यं. मोड बदलून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करायला सांगा आणि अंधारातला एखादा प्रसंग लावायला लावा. दोन टीव्ही शेजारी-शेजारी असतील तर फरक तिथल्या तिथे कळतो, आणि पुष्कळदा विक्रेत्याचा सूरही बदलतो.

"हॉल मोठा, म्हणून ४के पाहिजेच"

इथे गणित उलटं आहे. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचं बारीक वेगळं ओळखतो. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद. फुल एचडीत त्यावर आडवे १,९२० ठिपके, म्हणजे प्रत्येक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा. सात-सव्वासात फुटांपलीकडून हे ठिपके एकमेकांत मिसळतात. ४केचे ३,८४० ठिपके तर साडेतीन फुटांवरूनच मिसळतात. हिरानंदानीतल्या ऐसपैस हॉलमध्ये सोफा दहा फुटांवर असेल, तर ५५ इंचांवर फुल एचडी आणि ४केमधला बारकाव्याचा फरक डोळ्याला दिसतच नाही. फुलेनगर किंवा फिल्टरपाड्याकडच्या तीनशे चौरस फुटांच्या आतल्या घरात, पलंग आणि टीव्ही यांत पाच फूट असताना, तो स्पष्ट दिसतो.

तरी ४३ इंचांपासून पुढे बाजारात जवळपास सगळं ४केच मिळतं, त्यामुळे त्यासाठी भांडायला नको. फक्त '४के'साठी वेगळे पैसे मोजू नका. आणि ८केचं नावही काढू नका. जपानमध्ये एनएचकेचं ८के चॅनेल २०१८पासून आहे. आपल्याकडे त्या पडद्यावर काय बघणार?

आकाराचा निर्णय खरं तर शेजाऱ्याच्या हॉलवरून होतो, अंतरावरून नाही. हे आपल्या उपनगराने फार पूर्वी ओळखलं होतं. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या मर्क इलेक्ट्रॉनिक्सने ओनिडा टीव्ही विकला तो शिंगवाल्या राक्षसाच्या जोरावर आणि शेजाऱ्याच्या पोटदुखीवर. रेषा आणि ठिपके यांचा त्या जाहिरातीत पत्ताच नसायचा. मोठा टीव्ही घेणार असाल तर एक जुना हिशेब मात्र डोक्यातून काढून टाका: ३२ इंचांवर गेलं की जीएसटी २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या टीव्हीवरही १८ टक्केच आहे.

"टीव्ही ४के घेतला, आता सगळं ४के दिसेल"

मुंबईत केबल डिजिटल झाली ती २०१२च्या ३१ ऑक्टोबरच्या मुदतीने, आणि तेव्हापासून 'डिजिटल' म्हणजे 'एचडी' असं पुष्कळांनी धरलं. साधं चॅनेल आजही ७२० × ५७६ ठिपक्यांचं. एचडी चॅनेल १,९२० × १,०८०चं, तेही एकाआड एक ओळीने पाठवलेलं. २०१५च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी टाटा स्कायने ४के सेट-टॉप बॉक्स आणला होता, पण रोजच्या मालिका आणि बातम्या त्या वाटेला गेल्या नाहीत. साध्या चॅनेलवर चेहरे मेणाचे दिसतात, कारण ४के टीव्हीला वीसपैकी एकोणीस ठिपके स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. त्याच मालिकेचं एचडी चॅनेल घ्या. महिन्याला काही रुपयांत हा त्रास बराच कमी होतो.

अ‍ॅपचंही तेच. नेटफ्लिक्सवर ४के आणि एचडीआर मिळतं ते ६४९ रुपयांच्या प्रीमियम प्लॅनमध्ये. १९९च्या प्लॅनवर लाखाच्या टीव्हीलाही ७२०पीच येतं. आणखी एक, सहसा कुणी न सांगणारी गोष्ट: बाहेरून जोडलेल्या बॉक्ससाठी किंवा गेमिंग कन्सोलसाठी काही टीव्हींत एचडीएमआयची सेटिंग स्वतः बदलावी लागते. सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस'. ती बंद राहिली तर टीव्ही एचडीआर घेत नाही, आणि दोष बिचाऱ्या केबलवर जातो.

"क्यूएलईडी म्हणजे ओएलईडीच, थोडी वेगळी"

नावात एक शेपूट इकडचं तिकडे, पण यंत्रं पूर्ण वेगळी. क्यूएलईडी हा एलसीडीच; मागे दिवे, मध्ये रंग चोख करणारा क्वांटम डॉटचा थर. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा. अंधाऱ्या खोलीत रात्री सिनेमे बघणाऱ्यांनी ओएलईडीच घ्यावा असं माझं मत. पण दोन घरांत जपून. एक, जिथे पवई तलावाकडच्या मोठ्या काचांमधून दिवसभर ऊन आत येतं. तिथे उजळ मिनी-एलईडी (मागे बारीक दिवे असलेला एलसीडीच) अधिक कामाचा. दुसरं, जिथे सकाळी सातपासून मराठी न्यूज चॅनेल चालू असतं. खाली लाल पट्टी, कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह, बाजूला 'ब्रेकिंग'ची चौकट, सगळं तासन्‌तास एकाच जागी. ओएलईडीवर त्या आकृत्यांचा कायमचा डाग उमटू शकतो, आणि तो वॉरंटीत येतो का हे आधी वाचावं. आजोबांना चॅनेल बदलायला सांगण्यापेक्षा पॅनल बदलणं सोपं.

"एचडीएमआय २.१ लिहिलंय, म्हणजे पुढची चिंता मिटली"

एचडीएमआय २.१चा पल्ला सेकंदाला ४८ गिगाबिटांपर्यंत, पण त्या आवृत्तीतल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. शिक्का असूनही पोर्ट जुन्याच वेगाचा असू शकतो. मुलाला प्लेस्टेशन ५वर १२० फ्रेम्सने खेळायचं असेल, तर चारपैकी किती पोर्टांवर '४के १२० हर्ट्झ' चालतं ते विचारा. पुष्कळदा दोनच असतात. (प्लेस्टेशन ५ डॉल्बी व्हिजन देत नाही, एचडीआर१० देतं. गेमसाठी त्या शिक्क्याचे पैसे नकोत.) 'मोशन रेट २४०' वगैरे आकडे सोडून द्या, पॅनल मुळात ६० हर्ट्झचं की १२०चं, तेवढंच बघायचं.

केबल तीन हजारांची घ्या असा आग्रह होतो. डिजिटल सिग्नलमध्ये महाग केबलने रंग खुलत नाहीत. चित्र येतं, किंवा ठिपके चमकतात आणि पडदा काळा पडतो. 'अल्ट्रा हाय स्पीड'चं स्कॅन करता येणारं लेबल असलेली दोन मीटरची केबल पुरते. खरी पंचाईत कन्सील्ड वायरिंगची. फ्लॅटचं इंटिरिअर करताना दहा-दहा मीटरची एचडीएमआय केबल भिंतीत पुरून वर प्लास्टर होतं, आणि पाच वर्षांनी टीव्ही बदलला की तीच केबल गळ्याशी येते. सुताराने टीव्ही युनिट ठोकण्याआधी इलेक्ट्रिशियनला सांगून रुंद पीव्हीसी पाइप टाकून घ्या, आत ओढायची तार सोडून. भिंत फोडावी लागत नाही.

"अमेरिकेहून आणला तर स्वस्त पडेल"

पवईत हा प्रश्न दर दिवाळीला निघतो, कारण अर्ध्या इमारतीची मुलं तिकडे आहेत. २६ ऑगस्ट २०१३पासून प्रवासी सामानातून सपाट टीव्ही करमुक्त आणायची सवलत बंद झाली. वॉरंटी बहुधा त्या देशापुरतीच. तिथल्या टीव्हीतला ट्यूनर आपल्या पद्धतीचा नसतो. सेट-टॉप बॉक्स वापरणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण बॉक्समधून निघणारा ५० हर्ट्झचा सिग्नल तिथली काही मॉडेलं घेतच नाहीत. तरीही कुणी भाचा आणणारच असेल, तर त्याला तिथल्या दुकानात टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगा. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' लिहिलेलं असेल तर निदान प्लग लावायला हरकत नाही. नुसतं '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' असेल, तर तो टीव्ही भाच्याच्या हॉलमध्येच राहू द्या.